लग्नघरातली सहेली

आपल्या मराठी कथेतल्या मुस्लिम लग्नघरात मी बरीच वर्षे एका बाईला शोधते आहे. नवरी तिथे असते. कर्जात बुडालेला तिचा बाप असतो. मेहरची रक्कम ठरवणारे चार बुजुर्ग असतात, काजी असतो, मुलीच्या शिक्षणावरून तोंड वाकडे करणारी फुफी असते आणि पुढच्या दोन-चार पानांत तलाक देऊन मोकळा होणारा नवराही असतो. नवरीची सहेली मात्र नसते. असलीच तर मेंदी लावते, एखादा चिमटा काढते आणि पडद्याआड जाते. लेखक तिला नावही देत नाही. ज्या मुलीबरोबर नवरी दहा वर्षे एका बाकावर बसली, जिच्या वहीतून तिने गणिते उतरवली आणि जिच्याशी पुढे कशावरून तरी तिचे फाटले, ती मुलगी या लग्नाला आली का, आली तर कुठे बसली, दोघी एकमेकींशी काय बोलल्या, हे आमची कथा विचारतच नाही.

माझा हा शोध निव्वळ वाङ्मयीन नाही. त्याचे कारण पुढे सांगेन.

मी उर्दू माध्यमात शिकले आणि उर्दू माध्यमातच शिकवते, त्यामुळे माझा हात आधी उर्दूच्या कपाटाकडे जातो. तिथे ही बाई फार लवकर भेटते. मिर्झा हादी रुसवा यांची ‘उमराव जान अदा’ १८९९ सालची. १९८१ च्या चित्रपटामुळे ती आपल्याकडे घरोघर माहीत झाली, पण चित्रपटाची आठवण म्हणजे गाणी आणि पेशवाज. कादंबरीत मला महत्त्वाची वाटते ती रामदेई. फैजाबादहून पळवून आणलेली लहानगी अमीरन आणि तशीच पळवलेली रामदेई, या दोघी लखनौमध्ये एका घरात काही काळ एकत्र कोंडलेल्या असतात. दोघी रडतात, एकमेकींना धरून बसतात. मग सौदे होतात. अमीरनला खानम सव्वाशे रुपयांना विकत घेते आणि ती पुढे उमराव जान होते. रामदेई एका खानदानी घरात विकली जाते आणि त्या घरची बेगम होऊन बसते. बऱ्याच वर्षांनी कानपूरला एका बेगमेच्या घरी समारंभात गाण्यासाठी उमरावला बोलावणे येते. बोलता बोलता ओळख पटते. बेगम म्हणजे ती रामदेई.

या भेटीत रुसवांनी जे साधले आहे ते मला थोर वाटते. दोघी मनापासून आनंदतात. दोघींना कळते की आपल्यात जे अंतर पडले आहे त्यात आपले कर्तृत्व काहीच नाही. एकीला एका दारात विकले, दुसरीला दुसऱ्या दारात, एवढेच. तरीही अंतर खरे आहे. एक यजमानीण आहे आणि दुसरी बिदागी घेऊन गायला आली आहे. एकीला घर मिळाले, दुसरीला कोठा. आता मिठी मारली तरी ती यजमानीण आणि गाणारणीची मिठी होणार. एवढे सगळे रुसवा जवळजवळ काही न सांगता सांगतात.

पण पुढे ते थांबत नाहीत. लखनौला उमराव याच सहेलीच्या घरी जाते तेव्हा तिचा नवरा समोर येतो, आणि तो निघतो नवाब सुलतान, उमरावचा जुना आशिक. इथे माझा आक्षेप आहे. वाचकांना हा योगायोग फार आवडतो, चित्रपटातही तो आहे. मला तो रुसवांचा कमकुवत क्षण वाटतो. कानपूरच्या भेटीत दोन बायकांमध्ये जे उभे होते ते पुरेसे होते. ते बाजाराने, घराण्याने, नशिबाने उभे केले होते. त्यात आणखी एक पुरुष आणून ठेवण्याची गरज नव्हती. दोन मैत्रिणींत बिनसले म्हणजे मध्ये कुणी पुरुष असणारच, ही समजूत पुरुषांची आहे, आणि रुसवांसारखा मोठा माणूसही शेवटी तिला शरण गेला. माझा आजवरचा अनुभव असा की मैत्रिणींत बिनसते ते मार्कांवरून, नोकरीवरून, एखाद्या न परतवलेल्या साडीवरून, आणि सर्वात जास्त, एकीबद्दल दुसरीने तिसरीजवळ काढलेल्या एका वाक्यावरून.

उर्दूत या नात्याला पूर्वी कितीतरी नावे होती. सआदत यार खान ‘रंगीन’ आणि इन्शा यांच्या रेख्तीत, म्हणजे बायकांच्या बोलीत पुरुषांनी लिहिलेल्या शायरीत, ‘दोगाना’ आणि ‘जनाखी’ असे शब्द येतात. दोन गरांचा जुळा बदाम दोघींनी वाटून खाल्ला की त्या एकमेकींच्या दोगाना. कोंबडीच्या छातीचे दुहेरी हाड दोघींनी दोन्हीकडून ओढून मोडले की जनाखी. अभ्यासक या शब्दांत शारीर प्रेमही वाचतात, आणि रेख्ती वाचली तर ते खोटे म्हणता येणार नाही. मला इथे एवढेच म्हणायचे आहे की ज्या समाजात बाईला अंगणाबाहेर पाय टाकता येत नव्हता, त्याच समाजाच्या बोलीत मैत्रीचे दर्जे होते, ती जोडण्याचे विधी होते. आज माझ्या वर्गातल्या मुलींजवळ एकच शब्द उरला आहे, सहेली. ‘मेरी सहेली’ या विषयावर मी दरवर्षी निबंध लिहून घेते. प्रत्येकीची सहेली वर्गात पहिली येते, वेळेवर नमाज पढते आणि गरिबांना मदत करते. त्याच दोन मुली मधल्या सुट्टीत डबा घेऊन वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसलेल्या मला दिसतात. ते निबंधात येत नाही. आपल्या कथेचेही काहीसे असेच झाले आहे.

इस्मत चुगताई यांच्याकडे वळते. त्यांना मुंबईने आयुष्याचा मोठा भाग दिला, त्यांचा शेवटही १९९१ मध्ये मुंबईतच झाला, त्यामुळे त्या आपल्याला परक्या नाहीत. ‘चौथी का जोडा’ ही त्यांची कथा आमच्याकडे बहुतेकांना माहीत असते. बाप नसलेले गरीब घर, दोन मुली, थोरली कुबरा लग्नाची. आई कापड बेतण्यात इतकी तरबेज की गल्लीतल्या बायका कापड घेऊन तिच्या सेहदरीत जमतात. राहत नावाचा नातेवाईक प्रशिक्षणासाठी येऊन राहतो. त्याच्यासाठी घरातले किडुकमिडुक विकून पराठे, कबाब होतात, कुबरा त्याच्यासाठी स्वेटर विणते. तो खाऊनपिऊन निघून जातो, त्याचे लग्न दुसरीकडे ठरलेले असते. कुबरा क्षयाने मरते आणि आई त्याच सेहदरीत तिचे कफन बेतायला बसते.

या कथेवर लिहिणारे सगळे कुबराबद्दल आणि हमीदाबद्दल लिहितात, ते योग्यच आहे. मला मात्र दर वेळी बुंदूची माँ खुणावते. ती बी अम्माची ‘मुंहबोली बहन’, म्हणजे मानलेली बहीण. राहतला जाळ्यात कसे ओढायचे याच्या युक्त्या ती सांगते. ती चांगली की वाईट, हे इस्मत ठरवू देत नाहीत. तिला मैत्रिणीचे भले हवे आहे, तमाशाही हवा आहे. ‘लिहाफ’ (१९४२) आठवा. त्यातली लहान मुलगी बेगम जानच्या घरी राहायला जाते ती कशी? बेगम जान तिच्या आईची मुंहबोली बहन असते म्हणून. दोन्हीकडे एकच शब्द आहे, आणि तो सहज आलेला नाही. शरीफ घरात मैत्रिणीला मैत्रीण म्हणून जागा नव्हती. तिला आत यायचे तर बहीण व्हावे लागे. आणि एकदा बहीण झाली की तिच्याशी भांडता येत नाही, नाते तोडता येत नाही. मनात जे साचते ते सल्ल्यातून, टोमण्यातून, कापड बेततानाच्या बोलण्यातून बाहेर पडते.

खदीजा मस्तूर यांची ‘आंगन’ (१९६२) ही तर मला आमच्या सगळ्या बी.एड. झालेल्या मुलींनी वाचावी अशी कादंबरी वाटते. तिची नायिका आलिया शिकते, शिक्षिका होते, आणि तिचा फाळणीचा अनुभव एका अंगणात मावतो. छम्मी तिची चुलत बहीण आहे, पण त्या घरात दोघी वाढतात मैत्रिणींसारख्या. छम्मीचे जमीलवर प्रेम आहे, जमीलचे मन आलियाकडे वळते, आलियाला तो नको आहे. म्हणजे मध्ये पुरुष इथेही आहे, पण खदीजांनी रुसवांच्या पुढे जाऊन एक गोष्ट ओळखली. छम्मीला खरा डंख बसतो तो जमील गेल्याचा नाही. आपण ज्याच्यासाठी सर्वस्व दिले ते आलियाला न मागता मिळते आणि तिला त्याची किंमतही नाही, हा तो डंख आहे. आलिया शांत, शिकलेली, समजूतदार. छम्मी भांडखोर, अर्धवट शिकलेली, आईवेगळी. घरातल्या सगळ्यांनी दोघींना याच तराजूत तोलले आहे. छम्मीचे लग्न घरचे दुसरीकडेच लावून देतात. पुढे तिचा नवरा पाकिस्तानला निघतो, ती जायला नकार देते, तलाक होतो, लेकीला घेऊन ती त्याच अंगणात परतते. आलिया दरम्यान आईबरोबर लाहोरला गेलेली असते, शिकवत असते, एकटी असते. आणि अखेरीकडे छम्मीचे पत्र येते की जमीलने तिच्याशी निकाह केला.

आलिया त्या लग्नाला नाही. जाऊ शकत नाही, मध्ये सरहद्द आहे. पण सबंध कादंबरीत त्या दोघींमध्ये जे काही राहून गेले होते ते त्या एका पत्राने वर येते. पत्र आनंदाचे आहे, प्रेमाचे आहे, आणि त्यात थोडे ‘बघ’सुद्धा आहे. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा आलियासाठी वाईट वाटले होते. अलीकडे वाचले तेव्हा छम्मीचा आनंद वाटला, आणि तो आनंद आलियाला कळवल्याशिवाय तिला पुरा वाटला नाही याचा अधिक. शत्रूला आणि सहेलीलाच माणूस अशा बातम्या तातडीने कळवतो.

आता आपल्या घरात येऊ. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापूरला झाले. त्याआधी हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला होता, ‘इंधन’सारखी कादंबरी दिली होती. मेहरुन्निसा दलवाईंचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन आले. म्हणजे आपली मराठी अभिव्यक्ती जन्मली तीच प्रश्नांच्या पोटी. बाईविषयी लिहायचे म्हणजे तलाकविषयी लिहायचे, हे जणू ठरून गेले. बाहेरचा वाचक विचारत होता आणि आपण उत्तर देत होतो. ते उत्तर आवश्यक होते, त्याची किंमत कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २०१९ मध्ये कायदा झाला, त्यावर बरे-वाईट जे बोलायचे ते बोलून झाले, आणि आपली कथा अजून त्याच कचेरीच्या दारात अर्ज घेऊन उभी आहे. कथेतले लग्न हे लग्न राहत नाही, ते प्रकरण होते. प्रकरणात वादी असतो, प्रतिवादी असतो, साक्षीदार असतात. सहेलीला तिथे काही काम नसते.

कुणी म्हणेल, समाज एवढ्या पेचात असताना मैत्रिणींचे रुसवे-फुगवे हा काय विषय झाला? मला वाटते, उत्तर वरच्या दोन कादंबऱ्यांतच आहे. उमरावच्या आयुष्यातून १८५७ जाते. ‘आंगन’मधून काँग्रेस, लीग आणि फाळणी जाते. मोठे ते सगळे या पुस्तकांत आहे, पण ते आपल्याला कळते दोन बायका एकमेकींकडे कशा पाहतात त्यातून.

आता ते कारण. माझी बी.एड.ची एक वर्गमैत्रीण आहे. आम्ही पाच जणी एका खोलीवर राहत असू, आमच्यात ती सर्वात हुशार. परीक्षेनंतर एका संस्थेत एकच जागा निघाली, आम्ही दोघींनी अर्ज केला. तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. माझे एक मामू संस्थेतल्या एका गृहस्थांना ओळखत होते. शिक्षणसेवक म्हणून मी लागले, पुढे कायम झाले. ती सहा वर्षे तासिका तत्त्वावर, आज या शाळेत, उद्या त्या. आमच्यात भांडण असे कधी झालेच नाही. तिने मुबारकबाद दिली, मी मिठाई दिली, आणि आम्ही बोलणे बंद केले. नऊ वर्षांनी तिच्या लग्नाचा रुका आला. मिरजेला लग्न होते. पाचही जणी गेलो. रतजग्याला गुलगुले तळताना आम्ही इतक्या हसलो की तिची खाला म्हणाली, या मास्तरणींना झोपवा कुणीतरी. सगळे जुने निघाले, सुपरवायझर बाईंच्या नकला निघाल्या, फक्त ती एक जागा निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी वकील आणि दोन गवाह रजिस्टर घेऊन आत आले. तिची रजामंदी झाली, सहीची वेळ आली आणि वकिलांचे पेन चालेना. मी शेजारीच बसले होते. मी पर्स उघडली. पेपर तपासायचे लाल पेन तेवढे हाताला लागले. तिने ओढणी जराशी वर केली, माझ्या हाताकडे पाहिले आणि म्हणाली, “क्यों गे, तेरे पास लालच है क्या?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. कुणीतरी निळे पेन दिले, सही झाली.

आमच्या दखनीला मराठीचा ‘च’ चिकटलेला आहे. लाल अधिक च, म्हणजे फक्त लाल. आणि पुस्तकी उर्दूत, जी आम्ही दोघी मुलांना शिकवतो, लालच म्हणजे हाव. तिने कोणते म्हटले हे मला माहीत नाही. तिलाही त्या क्षणी माहीत असेल असे वाटत नाही. दोन्ही एकदमच तोंडातून आले असावे.

घरी आल्यावर मी या प्रसंगावर कथा लिहायला बसले, आणि आपल्या कथेची अडचण मला तेव्हा कळली. मी लिहिले, ‘तुझ्याजवळ फक्त लालच पेन आहे का?’ वाक्य शुद्ध आहे. त्यात ती नाही, मी नाही, नऊ वर्षे नाहीत. आपल्या बहुतेक कथांत हेच होते. आपली पात्रे घरात दखनी बोलतात, कोकणात कोकणी बोलतात आणि कागदावर येताना प्रमाण मराठीचा धुतलेला कुर्ता घालतात. दखनी उरते ती खाटीक, रिक्षावाला आणि शिव्या देणारी म्हातारी यांच्यापुरती, म्हणजे हसण्यापुरती. यामागचे दुखणे मी समजू शकते. आम्हीही मराठीच आहोत हे ज्यांना पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते ते व्याकरणाला जपतातच. पण बायकांच्या मैत्रीतले जे अवघड आहे ते असते अशाच वाक्यांत, जी दोन भाषांच्या सांध्यावर उभी असतात आणि लग्नघराच्या गलक्यात बोलता येतात, कारण बाकीच्यांना त्यांचा एकच अर्थ ऐकू येतो. इस्मत आपांनी बेगमाती बोली जशीच्या तशी कागदावर उतरवली म्हणून बुंदूची माँ जिवंत राहिली. तिला कुणी शुद्ध उर्दू बोलायला लावले असते तर ती फक्त एक कारस्थानी शेजारीण झाली असती. मराठीत बोलींच्या बळावर ग्रामीण आणि दलित साहित्य उभे राहिले, त्यांना कुणी अमराठी म्हटले नाही. आपल्या दखनीत तर निम्मी मराठीच आहे.

माझी कथा अजून पुरी झालेली नाही. लाल पेनाच्या पुढे जायचे तर मामूंचे लिहावे लागते, आणि तिथे माझा हात थांबतो. दुसऱ्यांच्या कथांत सहेली का नाही असे विचारताना हेही सांगितले पाहिजे. कदाचित बाकीच्यांचाही हात अशाच एखाद्या जागी थांबत असेल, आणि तलाकवर लिहिणे सोपे जात असेल, कारण त्यात दोष आपला नसतो.

हा मजकूर अंकाला पाठवण्याआधी मी तिला फोन केला. नाव येणार नाही, गाव येईल, असे सांगितले. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मामू का भी लिखी क्या?” आमच्यात मामूंचा उल्लेख त्या दिवशी पहिल्यांदा झाला. मी हो म्हटले. तिच्याकडे पाहुणे आले होते, मागे भांड्यांचा आवाज येत होता. नंतर करते म्हणाली आणि फोन ठेवला.